पुण्याच्या फ्लॅटचं काम

प्रभाताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर परवा एकमताने ठरलं. सूचना मेधाची, अनुमोदन अकरा जणींचं. हात जोडलेली चित्रं, रडके चेहरे, 'इतकी हुशार बाई, काय वेळ आली बघा', 'त्या निखिलची कीव येते गं', सगळं यथासांग झालं. एका निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट काकांनी तर घरी सोफ्यावर बसल्या बसल्या मेंदूच्या आजाराचं निदानसुद्धा करून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं आणि शेवटी ग्रुपच सोडला. मी ग्रुप सोडल्याची एक ओळ तेवढी त्यांना दिसली असेल. पण माझं बोलून झालेलं नाही.

एकाहत्तर वर्षांची बाई पाठीवर सॅक टाकून, कोणाची परवानगी न काढता, कुठल्याशा तळ्याकाठी जाऊन राहिली म्हणून तिचं डोकं फिरलं? दर रविवारी मुलाला न चुकता मेल करते ती. आणि त्याच वयाची तुम्ही मंडळी क्रूझवर जाता, सकाळी सहापासून बुफेच्या रांगेत उभी राहता, समुद्राकडे पाठ करून पत्ते खेळता, ते मात्र शहाणपण! वा रे न्याय.

मी अमेरिकेत बॉथेलला राहते. एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढली, आता घरी असते. एकटी आहे, माझ्या जाण्यायेण्याची चौकशी करायला घरात मांजराशिवाय कोणी नाही. प्रभाताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. सिव्हिल इंजिनियर. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि सरकारी खात्यात पुलांची तपासणी करायच्या नोकरीला लागल्या. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात छोटी हातोडी, आणि पुलाच्या खालच्या बाजूला लोंबकळणाऱ्या पाळण्यात उभी साडेचार फुटांची बाई. तीस वर्षं केलं त्यांनी हे काम. मंडळात किती जणांना माहीत होतं? विचारा. 'प्रभाकाकूंच्या अळूवड्या' मात्र सगळ्यांना माहीत होत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंडळाच्या गणपतीत. शाळेच्या हॉलमध्ये आमच्या पुरुषांनी लाकडी स्टेज ठोकलं होतं आणि त्यावर चोवीस जणांचं लेझीम होणार होतं. प्रभाताई मोरपिशी पैठणी नेसून आल्या, स्टेजच्या कडेवर चपलेची टाच दोनदा आपटली आणि म्हणाल्या, "हे धरणार नाही."

"काकू, तुम्ही मोदकांचं बघा ना," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

त्यांनी पदर खोचला आणि सरळ स्टेजखाली रांगत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा पैठणीला धूळ लागलेली आणि मुठीत दोन बोल्ट. "हे हाताने निघाले," त्या म्हणाल्या. "चोवीस जण एका तालावर उड्या मारणार. तो भार कुठे जातो ते बघा आधी."

भार कुठे जातो ते बघ. हे त्यांचं पालुपद होतं. पुलाला, खुर्चीला, सुटकेसला, लग्नालासुद्धा तेच. एखादीने सांगावं, आमच्याकडे सासूबाई यायच्यात सहा महिने, की ह्या विचारणार, "आणि भार कुठे जाणार?" तेव्हा मला वाटायचं, बाईंना दुसरा विषय नाही.

त्यांचे यजमान वसंतराव नऊ वर्षं अंथरुणाला होते. ते गेल्यावर मंडळाने शोकसभा घेतली आणि त्यात प्रभाताईंनाच 'त्यागमूर्ती' म्हटलं गेलं. दोन आठवड्यांनी त्या माझ्याकडे चहाला आल्या. खिडकीतून लांबवर पाण्याची एक रेघ दिसते, तिकडे बघत म्हणाल्या, "विनया, तीस वर्षं मी तळ्यावरचे पूल खालून पाहिले. तळं पाहायचं राहिलं गं."

"मग जाऊ या की. गाडीने वीस मिनिटं."

"हे नाही. हूलियोचं."

हूलियो हा त्यांच्या कामावरचा मुकादम. ग्वाटेमालाचा. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या गावच्या तळ्याबद्दल सांगायचा: भोवती तीन ज्वालामुखी, काठाकाठाने बारा गावं, एका गावाहून दुसऱ्या गावाला होडीने जायचं. प्रभाताईंनी स्पॅनिश त्याच्याकडून आणि त्याच्या माणसांकडून उचललेली. त्यामुळे ती सगळी बांधकामाची स्पॅनिश. पुढे मी स्वतः पाहिलं, ही बाई उपाहारगृहात अंडी मागवायची तीसुद्धा सिमेंटची गोणी वर चढवायला सांगितल्यासारखी. आणि शिव्या तर अशा अस्खलित, की ऐकणाऱ्याच्या हातातला चमचा पडायचा.

तर अशी आमची पहिली सफर ठरली. ग्वाटेमाला, सहा आठवडे, पाठीवर एकेक सॅक, राहायचं हॉस्टेलात. त्यांच्याजवळ पैसे नव्हते असं नाही. "हॉटेलात पुन्हा माणसं 'मॅडम' म्हणतात," त्या म्हणाल्या. "मला कोणीही काहीही म्हणायला नको आहे."

प्रश्न होता तो निखिलला काय सांगायचं हा. निखिल त्यांचा मुलगा, टेक्सासमध्ये प्लेनोला मोठ्या हुद्द्यावर आहे. आईवर जीव आहे त्याचा, ते मी नाकारत नाही. पण जीव असणं म्हणजे आपल्या फोनवर नकाशात आईचा ठिपका कुठे आहे ते दिवसातून चारदा बघणं, असा त्याचा समज.

"सांगा ना खरं," मी म्हणाले.

"खरं सांगितलं की ती परवानगी मागितल्यासारखी होते. मग चर्चा होते. मग डॉक्टरांना विचारतात. त्यापेक्षा मी पुण्याला जाते. फ्लॅटचं काम आहे."

पुण्याच्या फ्लॅटचं काम! आमच्या लोकांत ह्याच्याइतकं बिनतोड कारण नाही. सोसायटीचा पुनर्विकास, बँकेचं केवायसी, भाडेकरू, घरपट्टी, वारसांच्या सह्या. इथल्या प्रत्येक निवृत्त मराठी माणसाचं हिवाळ्यात तिकडे फ्लॅटचं काम निघतं आणि ते कधीही संपत नाही. त्यामुळे कोणी विचारत नाही, उलट कीव करतात. "अरे देवा, तुमचंही अजून चालूच का?" झालं. प्रभाताईंचा पुण्याला फ्लॅट होता, त्याचा पुनर्विकास पंधरा वर्षं रखडला होता, हेही खरंच होतं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आणि विचार करा, तीस वर्षं ह्या देशातले पूल जिच्या सहीवर उघडे राहिले, तिला तळ्याकाठी बसण्यासाठी खोटं बोलावं लागत होतं. खोटं बोलणाऱ्याची लाज काढायची, की बोलायला लावणाऱ्यांची?

हॉस्टेलमध्ये एका खोलीत आठ जण, चार दुमजली पलंग. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "प्रभाताई, तुम्ही खाली झोपा." त्या म्हणाल्या, "तुझे गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे आहेत, तू खाली. आणि वरून खाली अहोजाहो नको करूस, ऐकू येत नाही." तेव्हापासून ती मला 'प्रभा' झाली, म्हणून इथून पुढे मीही 'ती'च म्हणणार आहे.

तळं कसं होतं ते मी सांगत बसत नाही. तळ्याची वर्णनं वाचून कोणाला तळं दिसल्याचं मला ठाऊक नाही. प्रभाचं सांगते. ती पहाटे उठून काठावरच्या दगडी पायरीवर बसायची. सकाळी पाणी अगदी स्थिर असतं, दुपारनंतर वारा सुटतो आणि होड्या आपटायला लागतात. ती वारा सुटेपर्यंत बसायची, आणि हातात काही नसायचं. फोन नाही, पुस्तक नाही, विणकाम नाही, जपमाळसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "काय करतेस?" तर म्हणाली, "काही नाही. हे मला येतं का ते बघतेय." तिथल्या मक्याच्या गरम भाकऱ्यांना घरून आणलेली लसणाची चटणी लावून ती खायची, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईलाही एक चिमूट द्यायची. चौथ्या दिवशी त्या बाईने चटणीसाठी स्वतःहून वाटी पुढे केली.

एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बस म्हणजे आपल्या इथल्या शाळांच्या जुन्या पिवळ्या बस, रंगवून, आरसे-झालरी लावून, छपरावर सामान चढवून पळवतात. एका बसमध्ये प्रभाला खिडकीशेजारी रंगाखालचं अर्धवट इंग्रजी दिसलं. तिने नखाने खरवडून पाहिलं आणि हसत सुटली. "निखिल असल्याच एका बसने शाळेत गेलाय. तेव्हा मी दारात उभी राहून हात हलवायचे. आता मी बसमध्ये आणि तो दारात."

त्या निखिलला रोज सकाळी फोन जायचा. गंमत अशी, की तळ्याकाठचं आणि प्लेनोचं घड्याळ एकच. पण प्रभा तर पुण्याला! तिथे संध्याकाळ हवी. त्यामुळे सकाळी सात वाजता, डोळ्यांवर ऊन घेत ही त्याला सांगायची, "हो रे, आत्ताच दिवे लागले." ठिपका बंद, कारण म्हणे पुण्याला सिम तिकडचं; व्हिडिओ बंद, कारण सोसायटीचं नेट खराब. एके दिवशी ऐन फोनमध्ये कोंबडा आरवला.

"आई, is that a rooster?"

"शेजारच्यांनी पाळलाय," प्रभा म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी ओरडतो मेला. सोसायटीत तक्रार दिलीय मी."

त्याने विश्वास ठेवला! मी तोंडात ओढणी कोंबून जिन्यात बसले होते. फोन ठेवल्यावर ती हसली नाही मात्र. म्हणाली, "किती सोपं आहे बघ. तो ऐकतच नाही मी काय बोलते ते. आवाज आला की त्याचं काम झालं."

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. त्या तळ्याचं पाणी वाढत चाललंय, जुने धक्के बुडलेत, म्हणून लोकांनी फळ्या बांधून तात्पुरते नवे केलेत. आमच्या धक्क्यावर दहाबारा तरुण प्रवासी रांगेत उभे. प्रभाने टाच दोनदा आपटली आणि हात आडवा केला. होडीवाला चिडला, मागची दाढीवाली पोरं चिडली. हिने बांधकामाच्या स्पॅनिशमध्ये असं काही सुनावलं, की होडीवाला आधी लाल झाला आणि मग निमूट खाली वाकून बघायला गेला. एका खांबाचा दोर कुजून धाग्यावर आला होता. तासभर काम चाललं. प्रभा काठावरून सांगते आहे, तो आणि त्याचा भाऊ पाण्यात उभे राहून बांधताहेत. दुसऱ्या दिवसापासून ती धक्क्यावर गेली की होडीवाला टोपी काढायचा आणि म्हणायचा, "बुएनोस दीआस, इंहेनिएरा." म्हणजे, नमस्कार, इंजिनियरबाई. इथे चाळीसहून जास्त वर्षं राहून ती काकूच होती, अळूवड्यांची. तिथे पंधरा दिवसांत इंहेनिएरा झाली. माझं डोकं आजही तडकतं हे आठवलं की.

आता मेधाचं ऐका. मेधा आमच्या मंडळाची कायमची अध्यक्ष. निघण्याआधी तिने प्रभाला बजावलं होतं, "काकू, पुण्याला चाललाच आहात तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बारा खण आणा. इथे मिळत नाहीत हो तसे." आता तळ्याकाठी खण कुठून आणायचे? पण तिथे एका गावात बायका कमरेला माग बांधून कापड विणतात. लाल, जांभळे, हिरवे पट्टे आणि मधे बारीक नक्षी. प्रभाने एका म्हातारीशेजारी बसून दोन दिवस तिचं विणणं पाहिलं आणि बारा तुकडे घेतले. परत आल्यावर बॉथेलच्या दुकानातून बाकरवडी घेतली, किमतीचे स्टिकर कोमट पाण्याने सोडवले, आणि सगळं 'पुण्याहून' म्हणून वाटून टाकलं.

हळदीकुंकवाला मेधाने ते कापड उभं धरून सगळ्यांना दाखवलं. "ह्याला म्हणतात खण! पोत बघा. हे आपल्याच मातीत होतं, मशीनला जमत नाही." आणि त्यानेच बारा जणींच्या ओट्या भरल्या. त्यातल्या चौघींनी ब्लाउज शिवले, ते मी गणपतीत अजून बघते. ग्वाटेमालाच्या म्हातारीचा हात ह्यांच्या पाठीवर आहे, आणि ह्याच चौघी परवा प्रभाच्या डोक्यावरच्या परिणामाबद्दल लिहीत होत्या!

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही होंडुरासच्या तळ्यावर गेलो. तिसऱ्या हिवाळ्यात निकाराग्वाच्या मोठ्या तळ्यातल्या बेटावर. आणि तिथे ते झालं.

जगातला प्रत्येक धक्का टाच आपटून बघणारी ही बाई हॉस्टेलच्या पलंगाच्या शिडीवरून पडली. वरच्या पलंगावरून उतरताना, सकाळी, साध्या तीन पायऱ्या. वर ती झोपत होती कारण माझे गुडघे. मनगट मोडलं. बेटावरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांत बरं होईल म्हणाल्या. प्रभा पांढरीफटक झाली होती, पण शुद्धीवर, आणि मला पहिलं वाक्य काय म्हणाली? "निखिलला कळवू नकोस. कळवलंस तर हे शेवटचं."

मी 'नाही कळवत' म्हणाले. दवाखान्याच्या आवारात एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली जाऊन उभी राहिले आणि दहा मिनिटांनी निखिलला फोन लावला.

का लावला? मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. घाबरले. तिला आणखी काही झालं असतं तर मंडळ काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, 'तुम्ही बरोबर होतात ना' असं कोणी म्हणेल. भार नको होता मला. दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळी झाले. बाकीच्यांवर मी चिडले आहे, पण सगळ्यांत जास्त चिडले आहे ती त्या आंब्याखालच्या बाईवर.

"Nicaragua?" निखिल म्हणाला. "What do you mean, Nicaragua? आई पुण्याला आहे. मावशी, I spoke to her yesterday."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हजर झाला. आईचा हात हातात घेऊन ढसाढसा रडला. "तीन वर्षं, आई. तू मला तीन वर्षं खोटं सांगितलंस." प्रभा त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवत होती. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

पुढचं भराभर झालं. जूनमध्ये प्रभाचं बॉथेलचं घर विकलं गेलं. मंडळाने निरोप समारंभ केला, मेधाने श्रीफळ दिलं आणि म्हणाली, "आता नातवंडांत रमा, काकू." प्लेनोच्या मोठ्या घरात तळमजल्यावर प्रभाला स्वतंत्र खोली दिली. खोलीला सगळं होतं. न्हाणीघरात दांड्या, माणूस पडला की बोंबलणारं मनगटी घड्याळ, दारावर कॅमेरा. निखिल तिला स्मृतीच्या तपासणीलाही घेऊन गेला. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने काढलं, आणि शेजारी रिकामी जागा होती म्हणून एका पुलाचा छेदही काढून दिला, मापांसकट. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे सगळं. आणि तरीसुद्धा, ऐका, तरीसुद्धा निखिलने तिचा पासपोर्ट स्वतःच्या तिजोरीत ठेवला. "Just to be safe, आई." मुलगा लहान असताना आईने त्याच्या फटाक्यांची पिशवी वर ठेवावी तसा! कायद्याने सज्ञान, डॉक्टरांनी ठणठणीत ठरवलेली, स्वतःचं पेन्शन खाणारी बाई. ह्याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार.

ह्या जानेवारीत मी चार दिवस तिच्याकडे गेले. खरं सांगते, माफी मागायला गेले होते. तिने मागू दिली नाही. विषय काढला की चहा टाकायला उठायची. सून श्वेता भली आहे, पण कामावर सकाळी सातला जाते. नातवंडांना शाळेत सोडायचं, आणायचं, डबे, पियानो, पोहणं, सगळं प्रभाकडे. मनगट बरं झालं होतं. भार कुठे जातो ते मी न विचारताच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ती निखिलला सहज म्हणाली, "अरे, तो माझा पासपोर्ट देशील? पुण्याच्या बँकेचं पत्र आलंय. फ्लॅटच्या खात्याचं केवायसी करायचंय, कॉपी पाठवायचीय."

मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले.

"ओह गॉड, again?" निखिल कंटाळून म्हणाला. "हे लोक किती वेळा केवायसी करतात?" आणि उठला, वर गेला, तिजोरी उघडली आणि पासपोर्ट आणून तिच्या ताटाशेजारी ठेवला. तीन वर्षं ज्या फ्लॅटच्या नावावर तो फसला होता त्याच फ्लॅटच्या नावावर! पण त्याचा तरी काय दोष. केवायसी म्हटलं की आपल्या माणसाची बुद्धी गुडघ्यात जाते. प्रभाने शांतपणे ताकाचा पेला संपवला आणि "आणखी भात वाढू का?" विचारलं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर ती खोलीतून बाहेर आली ती सॅक पाठीवर घेऊन. घड्याळ आणि फोन फ्रिजवर ठेवले, शेजारी चिठ्ठी. दाराबाहेर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, केस सारखे केले, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "निखिल, फ्रिजवर चिठ्ठी आहे. मुलांना आज श्वेता आणेल, तिला मी काल सांगितलंय." मग मला म्हणाली, "एअरपोर्टला नको. मला ट्रेनच्या स्टेशनवर सोड. इथून ट्रेन सरळ विमानतळावर जाते."

श्वेताला सांगितलं होतं! मी भाड्याची गाडी चालवता चालवता तिच्याकडे बघत राहिले.

"चिठ्ठीत काय लिहिलंयस?"

"खरं. तळ्याला जातेय, गोळ्या बरोबर आहेत, दर रविवारी मेल करीन, होळीला पुरणपोळ्या करायला परत येईन. खोटं बोलायचं वय संपलं माझं. तळ्याचं नाव तेवढं लिहिलं नाही."

"कुठलं तळं, प्रभा?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मोठमोठ्या कंपन्यांची आवारं, त्यांच्यासमोरची खोटी कारंजी.

"तुला नाही सांगणार," ती म्हणाली. "तू फोन करशील."

मी गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये थांबवली. "मी येऊ का बरोबर? माझी बॅग मागेच आहे."

"ह्या वेळी नको." तिने माझा हात दाबला. "तू वाईट नाहीस गं विनू. तुला भार सोसत नाही, एवढंच." आणि उतरली.

गाडीतून मला फलाट दिसत होता. ऑफिसला जाणारी चारसहा माणसं, आणि त्यांच्या खांद्याला लागणारी, हिरवी सॅक घेतलेली प्रभा. इतक्यात माझा फोन वाजला. निखिल.

"मावशी, where are you? मी कॅमेरा बघितला. She's with you, right?"

"नाही," मी म्हणाले. "गाडीत मी एकटी आहे."

"कुठे चाललीय ती?"

"मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. चिठ्ठी वाच."

"मावशी, please." त्याचा आवाज कापरा झाला होता. लहानपणी पिवळ्या बसमधून तो आईकडे बघायचा तेव्हा असाच असेल. "तिला दोन मिनिटं थांबव. मी येतोय, I'm ten minutes away. Just bring her back."

लांबून ट्रेन येताना दिसली. मी हॉर्न दाबला असता तरी तिने वळून पाहिलं असतं. इतकी ती जवळ होती.

"आणते ना," मी म्हणाले. "होळीला आणते." आणि फोन बंद करून सीटवर उलटा ठेवला.

ट्रेन थांबली, दारं उघडली. माणसं आत शिरली. प्रभा फलाटाच्या कडेला थांबली, टाच दोनदा आपटली, आणि मग आत चढली.